उंबऱ्यावरून पाहिलेली भुतं

चूक माझी होती, हे आधी लिहून टाकतो. नाहीतर मी पुढे जिवलीबायबद्दल इतकं गोड लिहीत जाईन की वाचणाऱ्याला वाटेल, हा तिचा कुणी भलं करणारा माणूस असावा. मी तिचं भलं केलं नाही. मी तिच्या एका वाक्यातलं क्रियापद बदललं. मी मराठीचा शिक्षक. मुलांची क्रियापदं बदलणं हा माझा रोजचाच उद्योग. पण त्या एका बदलामुळे एका बाईला राहती जागा सोडावी लागली, आणि मी गप्प बसून ते पाहिलं.

मोखाड्याच्या पुढे रस्ता दरीच्या कडेनं वळतो, तिथून आत एक आश्रमशाळा आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी तिथे नोकरीला लागलो. मूळचा शहापूरकडचा, शेतकरी घरातला, लग्न व्हायचं होतं. शाळेच्या मागच्या रांगेत मला एक खोली मिळाली. घरून आणलेला लहानसा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही मी तिथे पत्र्याच्या पेटीवर ठेवला.

जिवलीबाय त्या शाळेत कामाठी होती. झाडलोट, पाणी भरणं, स्वयंपाकघरात तांदूळ निवडणं ही तिची कामं. चाळिशीची असेल. उंच, काटक, चालताना कधी मागे न पाहणारी. मला तिची पहिली आठवण आहे ती एका रिकाम्या वर्गाच्या दाराशी उभी असलेली. हातात केरसुणी, आणि आत जाण्याआधी ती हळूच म्हणाली, "येते रे."

मी व्हरांड्यातून जात होतो. विचारलं, "आत कोण आहे?"

"कोन नाय."

"मग येते कुणाला म्हणालीस?"

"वर्गाला. सुट्टीभर एकटाच व्हता ना, गुरुजी. एकदम घुसला तं दचकंल."

मी हसलो. ती हसली नाही. पुढे पाहिलं तर रोजच ती असं करायची. विहिरीत पोहरा सोडण्याआधी, कोठीघराची कडी काढण्याआधी, आजारी मुलींच्या खोलीत शिरण्याआधी. विचारल्याशिवाय ती कुठे जातच नसे.

त्या काळात टीव्हीवर दर शुक्रवारी भुताखेतांची एक मालिका लागायची. तिचं खरं नाव काहीतरी संस्कृत वळणाचं होतं. सुरुवातीला काळ्या पडद्यावर विहिरीचा रहाट करकरत फिरायचा, म्हणून आमच्याकडे सगळे तिला 'रहाट'च म्हणत. शुक्रवारी आमच्याकडे हमखास वीज नसायची. त्यामुळे 'रहाट' आम्ही पाहायचो रविवारी, भर दुपारी, पुनःप्रक्षेपणात. बाहेर लख्ख ऊन, अंगणात वाळत घातलेल्या नागलीवर चिमण्या, आणि आत पेटीवर एक पांढऱ्या साडीतली बाई केस सोडून रडते आहे. पडद्यावर उजेड पडून भूत दिसेनासं होई.

त्यावर उपाय जिवलीबायनं काढला. पहिल्यांदा ती पाणी द्यायला आली होती. दारात थांबून तिनं पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ही कोन?"

"भूत आहे."

"दिसत तं नाय नीट." ती निघून गेली आणि एक जुनी निळी चादर घेऊन आली. खिडकीला दोन खिळ्यांवर ती ताणून बांधली. मग उंबऱ्यावर बसली. एक पाय आत, एक बाहेर. त्यानंतर दोन वर्षं, शाळेच्या सुट्ट्या सोडल्या तर एकही रविवार न चुकवता, ती उंबऱ्यावरच बसली. मी सतरंजी पुढे केली, पाट दिला. "नको, गुरुजी. इथून बरा दिसतो," एवढंच म्हणायची.

माझ्या खोलीत तेव्हा बरेच जण जमत. हेडसर यायचे, स्वयंपाकी काशिनाथमामा यायचे, दोनतीन शिक्षक असायचे. प्रत्येकाचं मत ठरलेलं. हेडसरांच्या मते मालिका अंधश्रद्धा पसरवणारी होती. हे मत ते मालिका संपल्यावर, शेवटचं नाव पडद्यावरून गेल्यावरच मांडत. काशिनाथमामांना मुखवटे आवडत. एक शिक्षक म्हणत, सगळी कमाल संगीताची आहे, आवाज बंद केला तर पोरंही भिणार नाहीत.

जिवलीबायचं मत सगळ्यात वेगळं. तिला भीती वाटतच नसे. ती भुतांची तपासणी करायची. "हिचा पदर बघा. मेली तवाचाच हाय ना? मग इस्त्री कोनी केली?" एकदा मोठ्या बंगल्यात जिन्यावरून भूत उतरताना पाहून म्हणाली, "एवढ्या मोठ्या घरात बायला एकटी ठेवली. भूत नाय होनार तं काय होनार?" पुढे हेडसरांनी रंगीत टीव्ही घेतला आणि मोठ्या कौतुकानं सगळ्यांना दाखवला. त्या दिवशीच्या भागात भिंतीवरून रक्त ओघळत होतं. सगळे श्वास रोखून बसले होते. जिवलीबाय तिथेही उंबऱ्यावरच. म्हणाली, "एवढा लाल ऱ्हात नाय रगत. लगेच काळा पडतो. गुरुजींचा टीवीच खरा बोलतो." हेडसरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

पण तिचा खरा आक्षेप एकच होता, आणि तो ती प्रत्येक भागाला घ्यायची. भूत दिसलं की घरातली माणसं किंचाळत, पळत, मांत्रिकाला आणत, राखेचं रिंगण काढत. मग बाटलीत नाहीतर झाडात भूत बंद होई आणि मालिका संपे. रहाट पुन्हा करकरू लागला की जिवलीबाय उठायची, गुडघे झटकायची आणि म्हणायची, "सगला केला. पन तिला कोनी इचारला का? तू का आलीस, काय पायजे, एवढा तरी?"

काशिनाथमामा चिडवायचे, "तू विचार की जिवले. तुझीच बहीण ती."

"बरी हाय बहीन. तुझं वरन खाऊन तं नाय मेली."

सगळे हसायचे. 'तुझीच बहीण' या शब्दांवर ती क्षणभर थांबायची, मग उत्तर द्यायची. ते थांबणं माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट लक्षात यायला हवी होती. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा रिकामी व्हायची. मुलं पाड्यांवर जात, आम्ही आपापल्या गावी. जिवलीबाय मात्र शाळेतच. एकदा मी सुट्टी संपायच्या दोन दिवस आधी परत आलो, तर ती व्हरांड्यात एकटी बसून जेवत होती. पाठ भिंतीला, ताट मांडीवर. शेजारी आणखी एक ताट पालथं ठेवलेलं.

"हे कुणाचं?"

"असंच. एक ताट घासायला काय मजा?"

"तुझं गाव कुठलं गं?"

"लांब."

तिचं गाव लांब नव्हतं. शेअर जीपनं पाऊण तास. हे मला नंतर कळलं.

रविवारी 'रहाट' संपल्यावर त्याच वाहिनीवर पंधरा मिनिटं प्रेक्षकांची पत्रं वाचून दाखवत. एका सोफ्यावर एक हसरी बाई आणि एक हसरा माणूस बसे. पुण्याचे, नागपूरचे, कोल्हापूरचे लोक लिहीत: मालिका छान आहे, आमची मुलं घाबरतात, वेळ बदला. एकदा मी जिवलीबायला म्हणालो, "तुझं मत पाठवू या का?"

"माझा? माला लिवता कुठं येतो?"

"तू सांग. मी लिहितो."

तिनं बराच विचार केला आणि पोस्टकार्डावर मावेल एवढंच सांगितलं. मी ते शुद्ध करून लिहिलं. तीन आठवड्यांनी सोफ्यावरच्या बाईनं वाचलं: "मोखाड्याहून जिवलीबाई विचारतात, सगळे त्या भुताला हाकलतात, पण तिला कोणी विचारलं का, की तू का आलीस?" बाई हसली, मग हसता हसता थांबली. शेजारच्या माणसाला म्हणाली, "खरंच की." माझ्या खोलीत टाळ्या पडल्या. काशिनाथमामांनीसुद्धा वाजवल्या. जिवलीबायनं पदर सारखा केला, जणू ते लोक तिला पाहत होते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिनं तीन वेळा मला विचारलं, "ती 'खरंच की' बोलली ना?"

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला चटक लागली. टीव्हीवर माझी वाक्यं वाचली गेली होती.

काही महिन्यांनी 'रहाट'मध्ये चेटकिणीची गोष्ट आली. गावातली पोरं आजारी पडतात, लोक एका विधवेला धरतात, आणि शेवटी ती खरोखरच चेटकीण निघते. त्या रविवारी खोलीत आम्ही दोघंच होतो. बाकीचे एका लग्नाला गेले होते. मालिका संपली. रहाट करकरला. जिवलीबाय उठली नाही.

"लबाड," ती म्हणाली. "शेवट लबाड केला."

"का?"

ती अंगणाकडे बघत बोलायला लागली. "आमच्या पाड्याला एक बाय व्हती. दादला मेला तिचा. मग दिराची पोरगी तापानं गेली. मग तिला भुताळी बोलत. पान्यावर येऊ देत नसत. घराच्या आत घेत नसत कोन."

भुताळी म्हणजे काय, ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. जिच्या नजरेनं मूल मरतं, दुभतं जनावर आटतं, असं लोक ठरवून टाकतात ती बाई. एकदा ठरलं की ते पुसलं जात नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. गेली ती."

"कुठे?"

"लांब."

मला तेव्हा काही कळलं नाही, असं मी कितीतरी वर्षं बायकोला सांगत आलो. ते खरं नाही. अर्धं कळलं होतं. पण हातात पोस्टकार्ड होतं आणि डोक्यात सोफा. पाड्याचं नाव विचारलं, ते तिनं बोलण्याच्या ओघात सांगितलं. "हेच लिहू का?" म्हणालो. ती म्हणाली, "लिवा. पन मी बोलले तसा लिवा."

तिच्या बोलीत 'भुताळी बोलत' म्हणजे लोक तिला भुताळी म्हणत. मुलांच्या वह्यांत मी रोज तो 'बोलत' लाल शाईनं खोडायचो आणि वर 'म्हणत' लिहायचो. त्या दिवशी मी 'म्हणत'ही लिहिलं नाही. मी लिहिलं: "आमच्या पाड्यावर एक भुताळी होती." पोस्टकार्डावर जागा कमी होती, हे कारणही मी स्वतःला देत आलो. खरं कारण एवढंच, की 'होती' म्हटलं की अंगावर काटा येतो, आणि 'म्हणत' म्हटलं की येत नाही. खाली तिचं नाव, शाळेचा पत्ता आणि पाड्याचं नाव घातलं. आता ते नाव इथे पुन्हा लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं.

पत्र वाचलं गेलं तेव्हा खोली भरलेली होती. सोफ्यावरच्या माणसानं आवाज खोल करून, मध्ये थांबत थांबत वाचलं. मागे रहाटाचं संगीत लावलं होतं. पाड्याचं नाव आलं, शाळेचं नाव आलं, जिवलीबाईचं नाव आलं. "बाप रे," ती हसरी बाई म्हणाली.

मी उंबऱ्याकडे पाहिलं. जिवलीबाय पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. वर्गात हुशार मुलानं चुकीचं उत्तर दिल्यावर आपण बघतो ना, तसं. मग उठून गेली. त्या दिवशी तिनं गुडघे झटकले नाहीत.

बुधवारी त्या पाड्यावरचे चारपाच जण शाळेत आले. त्यात तिचा दीर होता. ती कुठे गेली, हे सहा वर्षं त्यांना माहीत नव्हतं. किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं. आता टीव्हीनंच पत्ता दिला होता, आणि वर जणू तिच्याच तोंडचा कबुलीजबाबही. "ती भुताळी हाय, तिनं सोता लिवलाय," दीर म्हणाला. "आमची पोरं हितं जेवतात. तिचा हात लागलेला भात आमी खाऊ देनार नाय."

हेडसरांनी तिला कार्यालयात बोलावलं. आम्ही शिक्षकही होतो.

"जिवलीबाई, ते पत्र तूच सांगितलंस?"

"हां."

"असंच सांगितलंस? शब्द असेच होते?"

माझ्या हातात खडू होता. मी त्या खडूकडे पाहत राहिलो. एक वाक्य बोलायचं होतं: सर, शब्द माझा आहे. नोकरी नवी होती, अजून कायम व्हायची होती. अंधश्रद्धा पसरवल्याचा ठपका शिक्षकावर आला असता. जिवलीबाय थांबली. पुरेशी थांबली, हे मला सांगायला हवं. तिनं मला पूर्ण वेळ दिला.

"हां," ती म्हणाली. "असंच."

तिला स्वयंपाकघरातून काढलं. मग पाण्यावरून. मुली तिच्या समोरून जाताना पळू लागल्या. महिन्याभरात तिनंच दुसऱ्या शाळेत जायचा अर्ज दिला. अर्जही लिहायला ती माझ्याकडे आली नाही, काशिनाथमामांकडे गेली. जव्हारकडे, जामसरच्या बाजूला तिची सोय झाली. जाताना माझ्या दाराशी आली. उंबऱ्यावर टेकली नाही. धुऊन घडी केलेली निळी चादर पुढे केली. "खिळे तसेच हायेत भिंतीला," म्हणाली, आणि जीपच्या मागच्या फळीवर जाऊन बसली. मागे पाहिलं नाही.

त्यानंतर मी 'रहाट' पाहिली नाही. पुढच्या वर्षी ती बंदच झाली.

आठनऊ वर्षं गेली. मी कायम झालो, लग्न झालं, बदली होऊन जव्हारला आलो. जामसर तिथून किती दूर? पण मी गेलो नाही. तिची शाळा ज्या रस्त्यावर होती, त्या रस्त्यानं जायची वेळ आली तर एसटीत दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसायचो.

एके दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत जुन्या मालिकांचा विषय निघाला. तरुण शिक्षक होते, 'रहाट' बघत मोठे झालेले. कुणी म्हणालं, तसली भीती आता राहिली नाही. कुणी म्हणालं, छे, मुखवटे किती भंपक होते, आता हसू येतं. कुणी तोंडानं रहाटाचा आवाज काढला. एकानं मला विचारलं, "सर, तुम्हाला काय वाटायचं?"

मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. "सगळं केलं," मी म्हणालो, "पण तिला कोणी विचारलं का?" पोरं एकमेकांकडे बघू लागली.

त्याच रविवारी मी जामसरकडे गेलो. ती शाळेमागच्या एका खोलीत राहत होती. केस पांढरे झालेले, पाठ तशीच ताठ. सुपात नागली पाखडत होती. मी दारात थांबलो आणि नकळत म्हणालो, "येऊ का?"

तिनं वर पाहिलं. "गुरुजी. या. टीवी नाय माझ्याकडं."

मी उंबऱ्यावरच बसलो. किती दिवस घोकलेलं सगळं सांगितलं. 'बोलत' काढून 'होती' घातलं, ते. कार्यालयात खडूकडे बघत बसलो, ते. ती पाखडत राहिली.

"माला म्हाईत हाय," ती म्हणाली. "मी व्हतेच ना तिथं. ऐकलाच की."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस? सगळ्यांसमोर?"

"भुताळीचा कोन ऐकतो, गुरुजी? तुमचा ऐकला असता."

माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हा कुठे मला सुचलं.

"जिवलीबाय, तुला काय हवं? मी काय करू?"

तिचे हात थांबले. "हां," ती म्हणाली. "हा बरा इचारला." सूप बाजूला ठेवून तिनं पदर खोचला. "माला माफी सांगून काय? मी तं बरोबरच बोलले व्हते. ज्यांना चुकीचा ऐकू गेला, त्यांना सांगा."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं जीपनं तिच्या पाड्यावर गेलो. पाड्याच्या अलीकडे मोहाचं झाड आहे, तिथे ती उतरली आणि झाडाखालच्या दगडावर बसली. "मी इथून बघते," म्हणाली.

मी पुढे गेलो. हातपंपापाशी दहाबारा माणसं जमली. दीर म्हातारा झाला होता, बाजेवर बसला होता. मी कोण, हे सांगितल्यावर तो म्हणाला, "जुना झाला ते, गुरुजी. सोडून द्या."

मी खिशातून पोस्टकार्ड काढलं. तिनं सांगितलेलं, तिच्या शब्दांत, पुन्हा लिहून आणलेलं. कुठेही पाठवायचं नव्हतं. हळू आवाजात वाचू लागलो.

"मोठ्यानं," मागून, मोहाखालून आवाज आला. "मागं ऐकू नाय येत."

मी मागे वळून पाहिलं. दगडावर ती अगदी तशीच बसली होती, एक पाय पाड्याच्या बाजूला, एक रस्त्याच्या.

मग मी मोठ्यानं म्हणालो, "ते पत्र जिवलीबायनं लिहिलं नव्हतं, मी लिहिलं. तुमच्या पाड्यावर भुताळी नव्हती. एक बाय होती, तिला तुम्ही भुताळी बोलत होतात. ती 'बोलत' म्हणाली होती, मी ते खोडलं. ती खरं बोलली. मी खोटं लिहिलं, आणि विचारलं तेव्हा गप्प बसलो. माझं चुकलं. जिवलीबाय, माझं चुकलं."